आजाराचे नाव नंतर, आधी त्वचा पाहायला शिकवा

वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

मी अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्वचारोगशास्त्र शिकवते आहे. नवी तुकडी विभागात आली की पहिल्या सकाळी मी एका रुग्णाची परवानगी घेते, विद्यार्थ्यांना त्याच्याजवळ नेते आणि ‘काय दिसते ते सांगा’ एवढेच म्हणते. उत्तर जवळजवळ नेहमी एखाद्या आजाराच्या नावाचे असते. कोणी सोरायसिस म्हणतो, कोणी फंगल, कोणी ॲलर्जी; पण डोळ्यांना काय दिसते आहे, हे सहसा कोणीच सांगत नाही. हेच विद्यार्थी हृदयाची मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकल्यावर ती कोठे ऐकू येते, ठोक्याच्या कोणत्या भागात येते, किती मोठी आहे आणि कोणत्या दिशेला पसरते, हे क्रमाने सांगू शकतात, कारण त्यांना तसे सांगायला शिकवलेले असते. त्वचेसमोर मात्र ते अंदाज बांधतात. हा दोष त्यांचा नसून त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या शिक्षणाचा आहे, म्हणून हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे.

अनेक अभ्यासक्रमांत त्वचारोगशास्त्राच्या वाट्याला काही व्याख्याने आणि विभागात प्रत्यक्ष शिकण्याची दोन-चार आठवड्यांची एक पाळी येते. परीक्षेत त्याला मोठ्या विषयाच्या कोपऱ्यात जागा मिळते आणि विद्यार्थीही त्याच मापाने त्याकडे पाहतात. हा विषय पुढे विशेषज्ञ होणाऱ्यांचा आहे, असा एक समज यामागे आहे. तो मला मुळातच चुकीचा वाटतो. २०१० सालच्या जागतिक आजारभाराच्या अभ्यासात, जीव न घेणाऱ्या पण माणसाला त्रास देत राहणाऱ्या आजारांमध्ये त्वचारोगांचा गट चौथ्या क्रमांकावर होता. एवढ्या रुग्णांना विशेषज्ञ पाहू शकत नाहीत आणि तशी गरजही नसते. त्यांतील बहुतेकांना पहिल्यांदा पाहणारा डॉक्टर हा नुकताच पदवी घेतलेला किंवा सर्वसाधारण व्यवसाय करणारा असतो. म्हणून पदवीच्या वर्गात आपण लहान त्वचारोगतज्ज्ञ घडवायचे नसून, त्वचेवरचा पहिला निर्णय न चुकवणारा डॉक्टर घडवायचा आहे, हे लक्षात घेऊन अभ्यासक्रमाची फेरमांडणी व्हावी, अशी माझी मागणी आहे.

सुरुवात वर्णनापासून व्हायला हवी. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्वचारोगांच्या नावांचा इतका गोंधळ होता की एकच शब्द वेगवेगळे वैद्य वेगवेगळ्या आजारांसाठी वापरत. लंडनमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट विलन यांनी कारणांचा वाद बाजूला ठेवला आणि त्वचेवर प्रत्यक्ष जे उठते त्याच्या आकाररूपावरून आठ वर्ग पाडले. त्यांचा ग्रंथ १८०८ साली प्रसिद्ध झाला. आज आपण मॅक्यूल (सपाट डाग), पॅप्यूल (लहान घट्ट उंचवटा), व्हेसिकल (पाण्याने भरलेला लहान फोड), पस्च्यूल (पुवाने भरलेली पुळी) हे शब्द वापरतो त्यांना काटेकोर अर्थ मिळाला तो प्रामुख्याने त्यांच्या या मांडणीमुळे. दोनशे वर्षांनंतरही ती टिकून आहे, कारण जे डोळ्यांना दिसते आणि बोटांना कळते त्यावरच ती उभी आहे. डाग सपाट आहे की उंच, उंच असेल तर घट्ट आहे की पाण्याने भरलेला, कडा स्पष्ट आहे की आजूबाजूच्या त्वचेत विरून जाते, वर कोंडा आहे का, असल्यास तो बारीक आहे की जाड, डाग एकेकटे आहेत की रेषेत किंवा वर्तुळात, अंगाच्या कोणत्या भागावर आहेत आणि कोणता भाग त्यांनी सोडला आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत आजाराचे नाव उच्चारायचे नाही, अशी शिस्त विद्यार्थ्याला लागली पाहिजे.

अंगावरच्या एका गोल चट्ट्याचे उदाहरण घेऊ. त्याची कडा किंचित उंच व कोंडा धरलेली आणि मधला भाग निवळत चाललेला असेल, तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, असतो. चट्टा सर्वत्र सारखाच जाड आणि रुपेरी पापुद्र्यांचा असेल व तसेच चट्टे कोपरांवर आणि गुडघ्यांवरही असतील, तर सोरायसिसकडे मन जावे. चट्ट्यातून पाणी झिरपत असेल, खपल्या धरत असतील आणि खाज असह्य असेल, तर इसब. चट्टा फिकट व कोरडा असून त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोग. कडा उंच आहे पण कोंडा मुळीच नाही, अशीही वर्तुळे असतात आणि त्यांना बुरशीवरचे औषध देऊन काहीच साधत नाही. ज्या विद्यार्थ्याला गोल चट्टा दिसताच नाव आठवते त्याच्या हाती यांपैकी एकच शक्यता लागते, आणि पुढे तो त्याच एका शक्यतेचे पुरावे गोळा करत राहतो.

पाहण्याबरोबर स्पर्श करायलाही शिकवावे लागते. लाल डागावर पारदर्शक काच दाबली असता तो फिका पडतो की नाही, यावरून रक्तवाहिन्या नुसत्या रुंदावल्या आहेत की रक्त त्वचेत उतरले आहे, हे कळते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या अंगावर काच दाबूनही फिके न पडणारे डाग दिसले तर या एका कृतीने जीव वाचू शकतो. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ साली शोधला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बहुविध औषधोपचाराने हा आजार पूर्ण बरा होतो, तरीही निदानाला उशीर झाला की हातापायांची आणि डोळ्यांची झालेली हानी औषधाने भरून येत नाही. त्या उशिरावरचा उपाय म्हणजे कापसाचा बोळा, संवेदना तपासण्याची सवय आणि कोपराजवळचा जाड झालेला मज्जातंतू चाचपणारी बोटे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, पण शिकवणारा जवळ उभा असावा लागतो आणि त्याच्याकडे वेळ असावा लागतो.

आता ज्या मुद्द्याविषयी मला सर्वांत जास्त तळमळ वाटते त्याकडे येते. ‘दाह म्हणजे लाली’ हे आपण पहिल्या वर्षापासून शिकवतो. पण गडद त्वचेवर दाह अनेकदा लाल दिसतच नाही. तो जांभळट, करडा किंवा आजूबाजूच्या त्वचेपेक्षा थोडा अधिक काळसर दिसतो, आणि कधी केवळ उष्ण स्पर्शावरून व किंचित सुजेवरून ओळखावा लागतो. इसबाचे चट्टे कधी केसांच्या मुळांशी उठणाऱ्या बारीक पुळ्यांच्या रूपात येतात. पित्ताच्या गांधींचा रंग कळत नाही, उंचवटा मात्र हाताला लागतो. मूळ आजार ओसरल्यावर मागे राहणारा काळा डाग हीच रुग्णाची मुख्य तक्रार असते आणि डॉक्टर ‘आता बरे झाले’ म्हणून ती उडवून लावतो. आपली पाठ्यपुस्तके आणि चित्रसंग्रह दीर्घकाळ मुख्यतः उजळ त्वचेच्या छायाचित्रांवर उभे राहिले. त्यामुळे जगातल्या प्रचंड मोठ्या लोकसंख्येच्या त्वचेवर आजार कसा दिसतो, हे विद्यार्थ्याने पदवी मिळाल्यावर, रुग्णांवर चुका करत शिकायचे, अशी व्यवस्था तयार झाली. २०२० साली लंडनमध्ये मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या दोन शिक्षकांसह गडद त्वचेवरील लक्षणांची एक सचित्र पुस्तिका तयार केली. शिकणाऱ्या मुलाला ही उणीव जाणवली आणि ती भरून काढायला तोच पुढे आला, याचा मला आनंद आहे. पण हे काम मुळात अभ्यासक्रम आखणाऱ्यांचे होते.

याचा परिणाम केवळ पुरळ ओळखण्यापुरता नसतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची प्राथमिक ओळख विद्यार्थी इंग्रजी आद्याक्षरांच्या एका सूत्राने पाठ करतात. डागाची विषमता, कडा, रंग आणि व्यास यांवर आधारलेले ते सूत्र १९८५ साली मांडले गेले. उजळ त्वचेवरील तिळांसाठी ते उपयोगी आहे. गडद त्वचेच्या माणसांना मेलॅनोमा क्वचित होतो. पण झाला तर तो मोठ्या प्रमाणात तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो, आणि तेथे हे सूत्र लंगडे पडते. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालील मेलॅनोमाचे निदान १९७७ साली झाले आणि १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. मी हे उदाहरण वर्गात सांगते ते एवढ्याचसाठी, की ‘मोजे काढा, पाय पाहू द्या’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडी बसावे. प्रत्येक आजाराची चित्रे किमान तीन वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेवर दाखवली जावीत आणि परीक्षेतही तशीच विचारली जावीत, अशी अट आपण अभ्यासक्रमात लिहून ठेवावी. एका ओळीची ही सुधारणा आहे, पण तिने पुस्तके बदलतील.

औषधांच्या बाबतीत स्वतःचीच एक चूक सांगते. पदवी मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी एक मध्यमवयीन स्त्री कमरेवरच्या खाजऱ्या चट्ट्यासाठी माझ्याकडे आली. मी तो इसब समजून दाह आणि खाज दाबणारे तीव्र स्टेरॉइड मलम दिले. दोन आठवड्यांनी ती आनंदाने सांगायला आली की खाज थांबली. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा चट्टा पोटावर आणि पाठीवर पसरला होता. कडा पुसट झाल्या होत्या आणि नायट्याची ओळखीची खूण उरली नव्हती. स्टेरॉइडने बुरशीजन्य आजाराचे रूप असे बदलते याचे वर्णन १९६८ सालीच झाले होते आणि मी ते वाचलेही होते. पण चट्ट्याची कडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधण्याची तपासणी मी स्वतःच्या हाताने एकदाही केलेली नव्हती. तिला पाव तासाच्या आसपास वेळ लागतो. परीक्षेच्या टेबलावर तयार काचपट्टी ओळखली, की आमचे ते शिक्षण पूर्ण झाले असे समजले जाई.

त्वचेवर लावण्याचे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड परिणामकारक ठरते, हे सल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९५२ साली दाखवून दिले, आणि त्यानंतर इसबासारख्या आजारांच्या रुग्णांना जो आराम मिळाला तो मोलाचाच आहे. मी स्टेरॉइडच्या विरोधात नाही. पण खाज थांबवणारे औषध निदानाच्या आधी देता येते, हीच त्याची धोक्याची बाजू आहे, आणि ती विद्यार्थ्याच्या मनावर औषधशास्त्राच्या तासात ठसत नाही. पातळ झालेली, ताणाच्या रेषा उमटलेली त्वचा समोर पाहिली की ठसते. त्याच वेळी मलमाचे प्रमाण सांगायलाही शिकवले पाहिजे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन पंजे व्यापेल एवढ्या त्वचेला पुरते. सर्वांगाला एकदा लावायचे तर सुमारे २० ग्रॅम लागतात. तरीही सर्वांगावर पसरलेल्या इसबासाठी १५ ग्रॅमची एक नळी लिहून ‘दिवसातून दोनदा लावा’ असे सांगितलेली चिठ्ठी मी सतत पाहते. औषध गुणकारी नाही असे रुग्णाला वाटते. प्रत्यक्षात औषध त्याच्या अंगाला पुरेसे लागलेलेच नसते. खरजेचेही असेच आहे. ती एका किड्यामुळे होते हे १६८७ साली लिहून ठेवलेले आहे, आणि तरीही एकाच रुग्णावर उपचार करून त्याच्या सहवासातल्या माणसांना तसेच सोडले जाते, मग काही आठवड्यांनी तोच रुग्ण पुन्हा खाजवत परत येतो.

त्वचारोगाने कोणी मरत नाही, असे विद्यार्थी आपसांत बोलतात आणि काही वेळा शिक्षकही बोलतात. त्यांनी एकदा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचा रुग्ण पाहावा. १९२२ साली वर्णन केलेल्या या आजारात, एखादे औषध सुरू केल्यापासून साधारणपणे ४ ते २८ दिवसांत, ताप, डोळ्यांची लाली, तोंडातील व्रण आणि त्वचेची वेदना यांनी सुरुवात होते, आणि मग काळसर डाग पसरून त्वचा ओल्या कागदासारखी सुटू लागते. सुटलेली त्वचा शरीराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर हे नाव देतात, ३० टक्क्यांच्या वर गेली तर त्या आजाराला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात. कार्बामॅझेपीन, लॅमोट्रिजीन, ॲलोप्युरिनॉल आणि सल्फा गटातील औषधे यांची चौकशी त्याच क्षणी करून संशयित औषध थांबवणे, हा पहिला उपचार असतो. तो विशेषज्ञाची वाट पाहत राहू शकत नाही. पुरळ खाजत नसून दुखते आहे, या एका तक्रारीने ज्या डॉक्टरचे कान टवकारतात तो रुग्णाला वेळेवर वाचवतो. हे शिक्षण आपत्कालीन विभागाच्या पाळीतही दिले जावे, त्वचाविभागाच्या चार भिंतींत अडकून राहू नये.

आता वेळापत्रकाबद्दल. दोन-चार आठवड्यांची सलग पाळी मोडून तोच वेळ तीन वर्षांत विभागला, तर विद्यार्थी अधिक शिकतील असा माझा अनुभव आहे. नजर तयार व्हायला पुन्हा पुन्हा पाहणे लागते आणि मध्ये काळही जावा लागतो. आजार प्रकरणवार दाखवले की आज सोरायसिसचा दिवस आहे हे ठाऊक असलेला विद्यार्थी प्रत्येक चट्ट्याला सोरायसिस म्हणतो आणि बरोबर ठरतो. त्यात तो काहीच ओळखत नसतो. सारखे दिसणारे वेगवेगळे आजार आणि वेगवेगळे दिसणारे एकाच आजाराचे रुग्ण मिसळून, नाव न सांगता त्याच्यासमोर यायला हवेत. परीक्षाही तशीच व्हावी. छायाचित्राखाली चार पर्याय देऊन त्यांतून नाव निवडायला लावण्याऐवजी प्रत्यक्ष रुग्णासमोर विद्यार्थ्याला उभे करावे, वर्णनाला निदानापेक्षा अधिक गुण द्यावेत, आणि निदान चुकले पण वर्णन अचूक असेल तर त्याला उत्तीर्ण होता यावे. ज्याला गुण नसतात ते विद्यार्थी शिकत नाहीत, हे आपण सगळेच जाणतो.

छायाचित्रावरून आजार ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आल्यामुळे हे सगळे अनावश्यक झाले आहे, असे मला अलीकडे ऐकवले जाते. २०१७ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी सुमारे १ लाख २९ हजार चित्रांवर शिकवलेली प्रणाली काही ठरावीक कसोट्यांत तज्ज्ञांच्या बरोबरीने उतरली, हे खरे आहे आणि त्याचा उपयोगही होईल. परंतु चित्र काढायचे कोणत्या डागाचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. रुग्ण हातावरचा डाग दाखवतो आणि पाठीवरचा त्याला ठाऊकच नसतो. त्याशिवाय, ज्या चित्रांवर अशा प्रणाली तयार होतात त्यांतही गडद त्वचेची चित्रे कमी असतात, म्हणजे पुस्तकातील उणीव यंत्रातही उतरते.

आणखी एक गोष्ट व्याख्यानात शिकवता येत नाही. त्वचारोग असलेल्या माणसाला इतरांची नजर आणि त्यांचे मागे सरकणे सोसावे लागते. कोड किंवा सोरायसिस असलेले रुग्ण मला सांगतात, की डॉक्टरांनी लांबूनच पाहून चिठ्ठी लिहिली. कातडी फाटलेली किंवा ओली नसेल आणि संसर्गाचा संशय नसेल, तर परवानगी घेऊन, पडदा ओढून, उघड्या हाताने त्या त्वचेला स्पर्श करायला मी विद्यार्थ्यांना सांगते. पहिल्यांदा ते कचरतात. रुग्णाच्या चेहऱ्यावर त्यानंतर जे दिसते, ते त्यांना मी समजावून सांगावे लागत नाही. त्वचारोगाने माणसाचे कपडे, झोप, काम आणि नातेसंबंध किती बदलले, हे मोजण्यासाठी १९९४ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी किमान पाच रुग्णांना स्वतः विचारलेली असावी, अशी तरतूद आपण करू शकता.

अभ्यासक्रमाच्या पुढील फेरआढाव्यापूर्वी आपल्यापैकी काही सदस्यांनी एक सकाळ एखाद्या त्वचाविभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसोबत घालवावी, अशी माझी विनंती आहे. पहिल्या दहा रुग्णांच्या वेळी विद्यार्थ्यांना ‘काय दिसते’ एवढेच विचारावे आणि त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत. फेरआढाव्याच्या बैठकीत या विषयाच्या तासांवर आणि गुणांवर चर्चा होईल, तेव्हा तो कागद आपल्या समोर असावा.

आपली नम्र,
त्वचारोगशास्त्राची एक शिक्षिका